जुलैत भरलेले पैसे आणि डिसेंबरातली बोट

जुलैपासून डिसेंबरपर्यंत, जवळजवळ पाच महिने, आपलं क्रूझचं बुकिंग झालेलं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ते बुकिंग फार तर दोन-तीन दिवस होतं. हे कसं झालं ते सविस्तर लिहितेय, कारण येत्या नाताळसाठी अनेक घरांत आत्ता हीच बोलणी चालू असतील.

आधी हे सांगते की आम्हाला क्रूझची हौस नव्हती, अण्णांना बोटीची होती. माझे वडील आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. लहानपणी मे महिन्यात ते भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गावी जायचे. डेकवर वळकटी पसरायची, रात्रभर वारा खायचा आणि विजयदुर्गाला बोट थांबली की पडावात उतरून किनारा गाठायचा. पुढे एसटी आली, बोटी बंद झाल्या, मग रेल्वे आली. बॅलार्ड पिअरवरून गोव्याला क्रूझ जाते हे त्यांनी पेपरात वाचलं तेव्हा मला फोन करून एवढंच विचारलं, "ती विजयदुर्गावरून जात असेल ना गं?" तेव्हाच आम्ही ठरवलं की न्यायचंच. अण्णा, आई, मी, माझे मिस्टर, मुलगी, भाऊ आणि वहिनी अशी सात माणसं. मुलीच्या शाळेला मोठी सुट्टी नाताळातच असते, म्हणून नाताळचा आठवडा धरला.

किती आधी बुक करायचं, हे मी चार जणांना विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं की नाताळचं असेल तर चार-सहा महिने आधी, परदेशातली क्रूझ असेल तर वर्षभर आधी. हा सल्ला बरोबर आहे. मी आजही तोच देईन. जहाजावरच्या बहुतेक केबिन दोघांच्या असतात, तिघा-चौघांची सोय असलेल्या मोजक्याच, आणि सुट्टीच्या दिवसांत कुटुंबं येतात म्हणून त्याच आधी भरतात. शिवाय तारीख जवळ येते तसे दर बहुधा चढतात. आम्हाला फसवणाऱ्या माणसाने यातलं काहीच खोटं सांगितलं नाही. त्याने आम्हाला खऱ्या गोष्टींनीच फसवलं.

हा एजंट आमच्या ओळखीतून आला. वहिनीच्या ऑफिसातल्या एकींचं केरळचं सहलीचं काम त्याने व्यवस्थित केलं होतं. ठाण्यात स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर त्याचं ऑफिस होतं. काचेचं दार, भिंतीवर जहाजांचे फोटो, एक मुलगी फोन घेत बसलेली. २०२४ च्या आषाढी एकादशीनंतरच्या शनिवारी मी आणि भाऊ भर पावसात तिथे गेलो. त्याने चहा मागवला, लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि तीन केबिन निवडून दाखवल्या. स्क्रीनवर आमची आडनावं होती, जहाजाचं नाव होतं, तारीख होती. "बघा, तुमच्या नावावर लागल्या," तो म्हणाला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथे पंच्याहत्तर हजार भरले.

त्या स्क्रीनचा अर्थ मला पाच महिन्यांनी कळला. एजंटांना काही मुदतीसाठी पैसे न भरता केबिन धरून ठेवता येते, त्याला ते 'होल्ड' म्हणतात. मुदतीत पैसे भरले नाहीत तर ती आपोआप सुटते आणि दुसऱ्या कुणालाही विकली जाते. आमच्या केबिन त्याने खरोखर होल्ड केल्या होत्या, पण पुढे कंपनीकडे एक रुपयाही भरला नव्हता. म्हणजे मी जे पाहिलं ते त्या दिवशी खरं होतं. त्या आठवड्यात ते पुसलं गेलं, आणि आमच्या हातात त्याने दिलेला कागद तेवढा उरला.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. वर जहाजाचं चित्र, खाली 'कन्फर्मेशन व्हाउचर', सात जणांची नावं, वयं, बाल्कनीच्या दोन आणि खिडकीची एक केबिन. केबिन नंबरच्या जागी 'गॅरंटी' असा शब्द. मी विचारलं तर म्हणाला, "नंबर कंपनी शेवटी देते." अशी पद्धत खरंच असते. प्रकार आज ठरतो, खोली नंतर मिळते आणि दर थोडा कमी पडतो. पण आम्ही तसं काही मागितलंच नव्हतं. अण्णांना फार चालावं लागू नये म्हणून लिफ्टजवळची केबिन हवी, असं मी दोनदा बजावून सांगितलं होतं. लिफ्टजवळची केबिन दिली असेल तर तिला नंबर असायलाच हवा, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कागदाच्या तळाशी जीएसटी नंबर होता. सत्तावीसने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. पुढची दहा अक्षरं त्या धंदेवाल्याच्या पॅनची असतात. हा नंबर जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, हे एका मिनिटात दिसतं. कुठलं लॉगिन लागत नाही. मी तो डिसेंबरात टाकला. नाव भलत्याच फर्मचं निघालं आणि नोंदणी रद्द झालेली होती. जुलैत टाकला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

गणपतीच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला की आज पूर्ण पैसे भरले तर जुना दर राहील, उद्यापासून माणशी साडेचार हजार वाढतायत. घरात आरास, बाजार, पाहुणे यांची गडबड होती. मी मोबाईलवरूनच एक लाख पस्तीस हजार पाठवले. या वेळी खातं वेगळं होतं. "आमचीच अकाउंटची फर्म आहे," असं तो म्हणाला. नाव मी त्याच्या ऑफिसचंच टाकलं आणि पैसे गेले, कारण बँक तेव्हा फक्त खाते क्रमांक बघत होती. आता २०२५ च्या एप्रिलपासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खातेदाराचं खरं नाव आधी बघण्याची सोय बँकांनी दिली आहे. ती वापरा. ऑफिसचं नाव एक आणि खात्याचं नाव दुसरं निघालं तर तिथेच थांबा, मग समोरचा कितीही गोड बोलो.

त्यानंतर तीन महिने काहीच घडलं नाही, आणि माझ्या मते ही फसवणूक याच तीन महिन्यांत होते. सिनेमाचं तिकीट खोटं असेल तर संध्याकाळी कळतं, हॉटेलचं खोटं असेल तर आठवड्यात कळतं. सहा महिने पुढचं बुकिंग खोटं असलं तर सहा महिने कुणी विचारतच नाही, कारण विचारण्यासारखं काही नसतं. तेवढ्यात तो माणूस तुमच्या पैशांतून दिवाळीच्या गिऱ्हाइकांना पाठवतो, ती मंडळी खूश होऊन आणखी चौघांना त्याच्याकडे धाडतात, आणि नाताळवाल्यांची पाळी येईपर्यंत डबा रिकामा झालेला असतो. आमच्यासारखी आणखी अकरा कुटुंबं पोलीस ठाण्यात भेटली, आणि सगळ्यांचीच बुकिंग नाताळ ते नववर्ष या दिवसांची होती. दिवाळीत गेलेले लोक खरोखर जाऊन आले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वेब चेक-इन करायला बसले. व्हाउचरवरचा नंबर वेबसाइट घेईना. त्याला फोन केला तर "सिस्टीम अपडेट चालू आहे, सोमवारी होईल." सोमवारी म्हणाला, ग्रुप बुकिंग आहे, चेक-इन आम्हीच करतो. मंगळवारी फोन उचलला नाही. तेव्हा कुठे मी जहाजाच्या कंपनीला थेट फोन केला. नंबर ऐकून पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "मॅडम, आमचे बुकिंग नंबर असे नसतातच." मग तिने आडनाव आणि तारखेवरून शोधलं. जुलैत होल्ड होता, सुटला, त्यानंतर काही नाही. त्या तारखेला आता जागा आहे का, असं मी विचारलं. नव्हती.

हा फोन मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून केला होता. बाहेरच्या खोलीत अण्णांची बॅग भरून ठेवलेली होती. त्यात त्यांनी कानटोपी ठेवली होती, समुद्रावर रात्री वारा असतो म्हणून, आणि वाटेतले किल्ले ओळखता यावेत म्हणून भावाकडून कोकण किनाऱ्याचा नकाशा मागवून घेतला होता. त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले.

पुढचं थोडक्यात सांगते. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला. पैसे जाऊन काही तासच झाले असतील तर ते पुढच्या खात्यांत गोठवून ठेवण्यासाठी ही हेल्पलाइन फार उपयोगी आहे. आमच्या पैशांना तीन आणि पाच महिने झाले होते. मग स्थानिक पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदवला, हे जुनं ४२०. ऑफिसला कुलूप होतं. जानेवारीत तो स्वतः भावाला भेटला, पन्नास हजार ऑनलाइन परत केले आणि एक लाखाचा चेक दिला. चेक बाउन्स झाला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बँकेची रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "देतो हो, थांबा जरा" या बोलण्यावर आमच्यातल्या दोन कुटुंबांनी ते तीस दिवस घालवले आणि त्यांच्या हातातला तो चेक निरुपयोगी झाला.

ग्राहक आयोगातही आम्ही तक्रार केली आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, ऑनलाइन दाखल होते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दोन्ही प्रकरणं चालू आहेत. उरलेले एक लाख साठ हजार अजून यायचे आहेत.

आता किती आधी बुक करायचं, याचं माझं उत्तर. लवकरच करा, पण पैसे भरले त्याच दिवशी ते बुकिंग कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तुम्हाला दिसलं पाहिजे. एजंटच्या लॅपटॉपवर नाही, तुमच्या मोबाईलवर, आणि तेही 'होल्ड' असं नव्हे, पैसे जमा झाल्याच्या नोंदीसकट. दिसत नसेल तर कंपनीचा फोन नंबर व्हाउचरवरून घेऊ नका, वेबसाइटवरून शोधा आणि नाव, तारीख, भरलेली रक्कम विचारून घ्या. दहा दिवसांनी परत विचारा, कारण होल्ड तोपर्यंत सुटलेला असतो. ॲडव्हान्स किती आणि उरलेली रक्कम कुठल्या तारखेपर्यंत भरायची, हे कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. एजंट त्याच्या आधी पूर्ण पैसे मागत असेल तर का मागतो ते विचारा. जमेल तिथे क्रेडिट कार्डाने थेट कंपनीला भरा, म्हणजे सेवा मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागता येते. सगळे एजंट असे नसतात हे मला मान्य आहे. आमच्या ओळखीचे एक काका तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी सांगितलं की जो सरळ आहे तो तुम्ही कंपनीला फोन केला म्हणून कधी चिडत नाही.

या वर्षी ऑगस्टमध्ये मी कंपनीच्या वेबसाइटवरून बुकिंग केलं. सात जणांचे पैसे जमणं शक्य नव्हतं, म्हणून अण्णा, आई आणि मी, तिघांची एक केबिन घेतली. संध्याकाळी ई-मेल आला, त्यात केबिन नंबर होता. लिफ्टपासून तिसरं दार. अण्णांनी तो नंबर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान उलटून त्यावर पेनने लिहून ठेवला. दर रविवारी मी वेबसाइट उघडते, अण्णा चष्मा लावून शेजारी येऊन बसतात, आणि तो नंबर तिथे आहे हे आम्ही दोघं मिळून बघतो.