अठरा महिन्यांनंतर झटका मशीन: ‘किट गेलं’ म्हणण्याआधी अर्थिंग तपासा

शेळ्यांच्या मुक्त गोठ्याभोवती चार पदरी १४ गेज जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, तिच्यात विजेचे ठोके सोडणारं झटका मशीन, १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी, १० वॅटचं सौर पॅनेल. एप्रिलमध्ये मशीनची टिकटिक चालूच होती, पण शेळ्या तारेला अंग घासून आरामात पलीकडे जात होत्या. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर फोनवरच तयार: ‘किट (मशीनमधलं सर्किट) गेलं, नवीन घ्या.’ हे साफ चुकीचं निघालं आणि त्याचा राग अजून आहे.

बिघाड अर्थिंगमध्ये, म्हणजे मशीनच्या जमिनीशी असलेल्या जोडणीत होता. झटका तारेतून जनावरात, खुरांतून मातीत आणि मातीतून अर्थच्या सळईवाटे मशीनकडे परततो. खोक्यात येते ती फूटभर सळई. उन्हाळ्यात मुरूम वाळला की ती असून नसल्यासारखी.

तपासायचं असं: मशीनपासून १०० मीटरवर दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत ठोकून तारेला टेकवा, म्हणजे तारेचा दाब २००० व्होल्टच्या खाली येतो. मग अर्थची सळई आणि तिच्यापासून मीटरभरावर ठोकलेला खिळा यांच्यात फेन्स टेस्टर (कुंपणाचा दाब मोजायचं यंत्र) लावा. ३०० व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थिंग अपुरं. इथे ९०० आला. साधा मल्टिमीटर लावू नका, जळेल.

पाच फुटी तीन जीआय पाइप दहा-दहा फुटांवर ठोकले, क्लॅम्पने जीआय तारेनेच जोडले (तांब्याची तार जीआयला बांधली की सांधा गंजतो). बुडाशी पाणी ओतलं. तारेवर २.८ केव्हीचे (हजार व्होल्टचे) ५.६ झाले. शेळीला निदान ४ लागतातच, केस दाट असतात. जमीन फारच कोरडी असेल तर एक सोडून एक तार अर्थला जोडा. दोन्ही तारांना एकदम अंग लागलं की झटका मातीवर अवलंबून राहत नाही.

तेव्हा मशीनला पैकीच्या पैकी दिले असते. ऑगस्टमध्ये मत खाली आलं. मशीन सरासरी १५० मिलिअँपिअर घेतं, म्हणजे पॅनेलला ऊन नसेल तर २४ तासांत अर्धी बॅटरी संपते. दोन-तीन दिवस झड लागली की बॅटरी कायमची बसू शकते. हे पॅनेल निदान २० वॅटचं हवं होतं.

बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि टिकटिक नाही, तर बहुधा एससीआर (कपॅसिटरमधला साठा ठोक्याने सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. टिकटिक आहे, पण कुंपणाची तार काढूनही मशीनच्या टर्मिनलवर दाब कमी, तर कपॅसिटर (ठोक्याची वीज साठवणारा भाग) उतरलाय. उघडण्याआधी बॅटरी काढा आणि कपॅसिटर १ किलोओहम १० वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा. त्यात शेकडो व्होल्ट साठून असतात. नवा कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा, त्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेज रेटिंग तेवढं किंवा जास्त असलेला. ‘जोरात बसेल’ म्हणून मोठा टाकू नका: १० मायक्रोफॅरड ६०० व्होल्टला १.८ ज्यूल होतात, दुप्पट केला की ऊर्जाही दुप्पट.

दुरुस्ती होईपर्यंत घरची २३० व्होल्टची लाइन तारेला कुणीही, एका रात्रीपुरतीही, जोडू नये. झटका मशीनचा ठोका क्षणभराचा असतो, दोन ठोक्यांत सेकंदभर तरी खंड असतो, म्हणून जनावर सुटून मागे सरतं. लाइनचा करंट धरून ठेवतो, माणूस जागीच जातो.

ट्रान्सफॉर्मरच्या लाखेतून आतल्या आत ठिणगी उडताना दिसली, तर मात्र खर्च करू नका, मशीन बदला. नवीन घेताना खोक्यावर ज्यूल छापलेले आहेत का ते बघा. नुसता ‘१०,००० व्होल्ट’ असा आकडा काही सांगत नाही.