घरी शिवलेला टार्प, पाच महिने आणि ती मधली शिवण

परवा जांबोटीजवळ मित्राच्या शेतात रात्रभर पाऊस लागला आणि मी माझ्या टार्पखाली, म्हणजे छपरासारख्या बांधायच्या हलक्या ताडपत्रीखाली, चक्क कोरडा झोपलो. म्हणून आज लिहायला बसलोय. ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या असत्या.

कापडाचं थोडक्यात सांगतो. पॉलिएस्टर रिपस्टॉप (फाटणं अडवणारी वीण), आतल्या बाजूला पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पाणी अडवणारं कोटिंग, पन्हा ५८ इंच. १३० रुपये मीटरनं साडेसहा मीटर घेतलं. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे मध्ये जोडले, उरलेल्या अर्ध्या मीटरची ठिगळं केली. दोरा, निवार धरून हजाराच्या आत काम झालं. याच मापाच्या तयार टार्पची किंमत बघून मी मोबाइल पालथा ठेवला होता.

खरं तर नायलॉन घ्यायचं मनात होतं. पॉलिएस्टर घेतलं ते स्वस्त म्हणून, दुसरं काही कारण नाही. पण नायलॉन पाणी पितं आणि भिजलं की सैल पडतं. मित्राच्या टार्पच्या दोऱ्या रात्रीतून दोनदा उठून ताणाव्या लागतात. माझा सकाळीही तसाच ताठ. इथं कंजूषपणाच कामाला आला.

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत मागाचा आवाज अजून ऐकू येतो. शेजारचे काका विणकर. त्यांनी कापड उजेडात धरलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "दर थोड्या अंतरावर जाड धागा घातलाय बघ. फाटत आलं तर इथं अडतंय." उभा-आडवा दोन्हीकडून मोजून झालं. याचं शिवणार काय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

शिवण आईच्या पायमशीनवर. पहिली चूक १६ नंबरची सुई. भोकं एवढी मोठी की उजेडाला धरल्यावर ठिपके दिसायचे. मग १४ नंबर लावली, पॉलिएस्टरचा दोरा घेतला आणि टाका मोठा केला. बारीक टाका मजबूत असतो हा माझा समज होता. या कापडाला बारीक टाके घातले तर ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटायला तयार होतं. टाचण्या तर लावूच नका, प्रत्येक टाचणीचं भोक कायमचं. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कोटिंगमुळे कापड मशीनच्या, कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांवरून घसरत होतं. "गोधडी शिवायची मशीन ही, हे प्लास्टिक कसलं?" म्हणत आईनं पलीकडून धरलं, तेव्हा कुठं मधली टीप सरळ गेली. जीन्सला असते तशी, दोन्ही कडा एकमेकीत दुमडून दोन टिपा मारलेली शिवण. कोपऱ्यांना मात्र मी एकेरी कापडावरच निवार शिवली आणि राजहंसगडावरच्या पहिल्याच वाऱ्यात एक कोपरा निघून आला. आता चारी कोपऱ्यांना तिहेरी ठिगळ आहे. तो विषय संपला.

संपला नाही तो मधल्या शिवणीचा.

जुलैत पहिल्या मोठ्या पावसात, बरोबर मध्यभागी, माझ्या कपाळावर थेंब. सरकलो तर गुडघ्यावर. आधी वाटलं कापडाला आतून घाम आलाय. टार्प खाली बांधला आणि हवा खेळली नाही की तसं होतंच. पण घाम सगळीकडे येतो, हा एकाच रेषेत. म्हणजे कापड खोटं. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा घेऊन दुकानात गेलो आणि आवाज चढवला. दुकानदारानं शांतपणे तो तुकडा एका डब्याच्या तोंडाला खोलगट बांधला, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाला, "संध्याकाळी येऊन बघा सर." संध्याकाळी डबा आतून कोरडा. "कापड गळत नाही हो. तुमचं टीप गळतंय."

खरंच असणार म्हणून घरी आलो. शिवणीची भोकं बुजवायला हार्डवेअरवाल्यानं सिलिकॉनची नळी दिली, "सगळ्यावर धरतंय." ती माझ्या कोटिंगवर धरेना. वाळल्यावर नखानं ओढली तर सालपटासारखी अख्खी पट्टी हातात आली. सिलिकॉन चढवलेल्या कापडाला सिलिकॉन आणि पीयूला पीयूचंच सीलर लागतं, हे नंतर कळलं. ते ऑनलाइन मागवलं, ३५० रुपये. कापडाच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे एका बोटभर नळीला! ते मी जुन्या टूथब्रशनं इतकं पुरवून लावलं की नळी शेवटी कात्रीनं कापून आतलं खरवडलं.

आणि ऑगस्टमध्ये पुन्हा थेंब. त्याच रेषेत.

त्या रात्री मी झोपलोच नाही, टॉर्च लावून आढ्याकडे बघत बसलो. शिवण कोरडी. बोट फिरवलं, कोरडी. तेवढ्यात दिसलं. दोन झाडांमध्ये बांधलेली मधली दोरी मी टार्पच्या खालून घेतली होती. बाहेर झाडाकडून पाणी दोरीवरून सरकत आत येत होतं, मुंगीसारखं, अगदी सावकाश. दोरी जिथं जराशी झोळते तिथं थेंब थांबायचा, फुगायचा, आणि माझ्या कपाळावर पडायचा. शिवण बरोबर त्या दोरीच्या वर, म्हणून सगळा आळ तिच्यावर.

उपाय फुकटचा निघाला, याचाच जास्त राग आला. आईच्या परकराची जुनी नाडी. टार्पच्या कडेच्या बाहेर वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंना दोरीला गाठ मारून नाडीचं टोक लोंबत सोडलं. दोरीवरून येणारं पाणी नाडीपाशी वळतं आणि तिच्यावरून खाली टपकतं. परवा रात्रभर दोन्ही नाड्या टपकत होत्या, आत एक थेंब नाही.

मग सीलरचे पैसे वाया गेले का? तेव्हा वाटलं गेले. आता तसं म्हणवत नाही, कारण परवाचा पाऊस तिरका होता आणि मी टार्प एकाच बाजूला उतरता बांधला होता. म्हणजे शिवण उताराच्या मधोमध, पाणी थेट तिच्यावरून वाहत होतं. तसा बांधायचा असेल तर दुमड खालच्या बाजूला वळलेली ठेवा, कौलावर कौल बसतं तशी. उलटी ठेवली तर तिच्यात पन्हळीसारखं पाणी साठतं. तरी साडेतीनशे जास्तच.

खरी कटकट वाळवण्याची. ओला घडी घालून ठेवला तर पीयू कालांतरानं चिकट होतं आणि वास मारतं, आणि आमच्याकडे जुलैत रुमाल वाळत नाही तिथं तीन मीटर कापड कुठं वाळणार? पाच महिने तो माजघरात दोरीवर पसरलेला असतो. पाहुणे वाकून आत येतात.

एका कडेला ठिणगीनं भोक पडलंय, शेकोटीची चूक माझीच. ठिगळाला त्याच रंगाचं अर्धा मीटर कापड हवं आणि तो रंग फक्त त्याच दुकानात मिळतो. आईला म्हटलं, तू जाऊन ये. ती म्हणाली, "तिथं आवाज कुणी चढवला होता? त्यानंच जायचं."