बालवाडीचा मूल्यमापन संच: कार्डं आणि फाइल घ्या, गुणांचं पत्रक नको

जूनच्या तोंडावर सोलापुरात, नवी पेठेच्या बाजूला, बालवाडीसाठी तयार मूल्यमापन संच दिसू लागतात. प्रसंगनोंदीची कार्डं (मूल काय करताना दिसलं ते लिहायला), पडताळासूची (काय येतं, काय नाही याची खुणा करायची यादी), मुलांच्या कामाची फाइल आणि प्रगतिपत्रक असं सगळं एका पाकिटात. चारही वस्तू सारख्या उपयोगाच्या मात्र नाहीत.

कार्डं उत्तम. पोस्टकार्डाएवढी, वर तारीख-वेळ-जागा, खाली पाचच ओळी. जागा कमी आहे तेच बरं, कारण तिथं फक्त दिसलेलं मावतं: "सहा ठोकळ्यांचा मनोरा रचला. सातवा ठेवताच पडला. तळाला मोठा ठोकळा घेऊन पुन्हा रचला." 'हुशार आहे' या शेऱ्यातून यातलं काहीच कळत नाही. ३० मुलांच्या वर्गात रोज ३ मुलं ठरवून घेतली की १० दिवसांत फेरी पूर्ण होते. न ठरवता लिहिलं तर दंगेखोरांचीच कार्डं भरतात आणि कोपऱ्यातलं गप्प पोर महिनाभर कोरं राहतं. नोंद त्याच दिवशी करा. शनिवारी आठवून लिहिलं की त्यात बाईंचं मतच उतरतं.

पडताळासूचीत खरी गडबड आहे. रकाने दोनच, 'येते' आणि 'येत नाही'. मधला 'मदतीने येते' हवाच, कारण उद्या काय शिकवायचं ते तिथंच कळतं. '१ ते २० अंक म्हणतो' या एका ओळीत पाठांतर आणि मोजणी एकत्र केली आहे. दहा चिंचोके पुढे ठेवून "मला पाच दे" म्हणा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं सगळेच चिंचोके ओंजळीत देतात.

'चित्राचं नाव सांगतो' ही ओळ आपल्या गावात फारच जपून वापरावी लागते. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. मांजराचं चित्र पाहून मूल 'पिल्ली' म्हणालं तर ते बरोबर आहे, तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. बाईंना 'पिल्लू' ऐकू येतं आणि फुली पडते. कन्नड घरातलं मूल 'बेक्कु' म्हणेल. मुलानं उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहायला रकाना नाही, तो पेनानं आखून घ्या.

फाइल मजबूत आहे, पण सोबतचे कागद गुळगुळीत, खडू घसरतो. साधे कोरे कागद घाला. रंगवायची छापील चित्रं मात्र फाइलला लावू नका, त्यात मुलाचं स्वतःचं काहीच नसतं. गड्ड्यानंतर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेनंतर, मुलं नंदीध्वजांची (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची) चित्रं काढतात, ती ठेवा. मागे तारीख आणि मूल काय बोललं ते लिहा. सात काठ्या काढून मोजताना पाचच म्हणालं, तर तेही.

प्रगतिपत्रकात १०० पैकी गुण आहेत. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं ३ ते ६ वयाला चाचणी-परीक्षा अयोग्य ठरवली आहे. निरीक्षण आणि मुलांच्या कामाचा अभ्यास हेच दोन मार्ग दिले आहेत. चार वर्षांच्या पोराच्या हाती ३८ गुण देऊ नका. दुकानदाराला कार्डं आणि फाइल सुटी मागा. पालकसभेत तीच समोर ठेवा.