नवकंकरीचा स्पर्शपट: एमडीएफ, ॲक्रिलिक की प्लाय?

नवकंकरी तशी सोपी. एकात एक तीन चौकोन, २४ जागा, दोघांकडे ९-९ सोंगट्या. तीन एका रांगेत लागल्या की समोरच्याची एक उचलायची. लेण्यांत, देवळांच्या दगडी फरशीवर हा पट कोरलेला आजही सापडतो. अंध आणि डोळस दोघांना एकत्र खेळता येईल असा तो लेझर कटरवर करायचा, तर पहिला प्रश्न शीटचा. मी तिन्ही वापरून पाहिली. पटाला ३ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घ्या, हे माझं सरळ मत.

आधी रचना, कारण निवड तिच्यावर ठरते. लेझर पृष्ठभागाच्या आत कोरतो आणि त्याने मारलेली बारीक रेघ डोळ्याला झकास दिसते, पण बोटाला जेमतेम लागते. म्हणून पट दोन थरांचा: खालचा अखंड, वरच्यात २० मिमीची २४ भोकं आणि त्यांच्यामध्ये ३ मिमी रुंद आरपार खाचा. खाच भोकाच्या ४ मिमी अलीकडे थांबवायची. नाहीतर आतले चौकोन सुटे होऊन हातात येतात. माझे आले होते. खाचा कोरण्यापेक्षा कापलेल्या बऱ्या, वेळ फार कमी लागतो आणि कटिंगवाले पैसे मिनिटावर घेतात.

भोकांतून पडलेल्या चकत्या टाकू नका. दोन-दोन चिकटवल्या की ६ मिमीची सोंगटी होते, निम्मी पटाच्या वर राहते, चिमटीत येते. नऊ सोंगट्यांना १८ चकत्या, म्हणजे सहा उरतातच. फक्त खालची कड पॉलिश पेपरवर गोल करून घ्या. एमडीएफवर हे दोन मिनिटांचं काम. मग सोंगटी चाचपत बसावं लागत नाही, आपोआप भोकात उतरते.

एमडीएफचा दोष एकच, पण चिवट: काजळी. कापलेली कड जळकी असते आणि इथे तर बोटं सतत कडांवरूनच फिरणार. पहिल्या डावातच माझी बोटं काळी झाली, पटावर ठसे उठले. ओल्या फडक्याने पुसलं तर कड फुगते. कोरडं घासून वर सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा) हात मारायचा. पावसाळ्यात कोकणात ठेवणार असाल तर सीलर दोन्ही बाजूंनी, चुकवू नका.

ॲक्रिलिक देखणं. कड काचेसारखी, काजळी नाही, पट धुता येतो. पण बोटाखाली सगळीकडे सारखंच गुळगुळीत, शिवाय त्याच मापाच्या एमडीएफच्या साधारण दीडपट जड. आणि लेझरने कापलेल्या कडेला अल्कोहोल चालत नाही. मी एकदा खेळ संपल्यावर भाबडेपणाने सॅनिटायझर फिरवला. थोड्या वेळात कडांना केसासारख्या भेगा. सगळा पट त्याचा करू नका. सोंगट्यांना मात्र ते अफलातून आहे: एका बाजूच्या एमडीएफच्या, दुसऱ्या बाजूच्या ६ मिमी ॲक्रिलिकच्या. एक उबदार नि खरखरीत, दुसरी थंड नि निसरडी. कुणाची सोंगटी ते खूण न करताही बोटाला कळतं. माझ्या प्रयोगात हाती लागलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि तीही निव्वळ शीट संपलं म्हणून.

प्लाय दिसायला तिन्हींत छान, पण साध्या बाजारी प्लायच्या पोटात कुठे डिंकाचा गठ्ठा, कुठे पोकळी. त्याच वेगात किरण एका जागी आरपार जातो, दुसऱ्या जागी अडकतो. बर्च प्लाय मिळाला तर शेवटच्या प्रतीसाठी बघा, नमुन्यासाठी नको.

मॉडेलवाल्यांचा लाडका हलका फोम बोर्ड, म्हणजे सनबोर्ड? बहुतेक सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसांना घातक आणि मशीनला गंज. विषय संपला. घरी निळ्या किरणाचा छोटा डायोड कटर असेल तर पारदर्शक ॲक्रिलिकही बाद, किरण त्यातून सरळ निघून जातो, काळं घ्या. मशीनच नसेल तर फॅब लॅब, म्हणजे अशी मशीन वापरू देणारी कार्यशाळा शोधा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात तर २००२ पासून आहे.

आणि सगळा पट एकदम कापायला देऊ नका. आधी एक कोपरा: तीन भोकं, दोन खाचा. किरण स्वतः ०.१ ते ०.२ मिमी खातो, मशीनगणिक वेगळं. सोंगटी घट्ट बसते की खुळखुळते, ते त्या तुकड्यावरच कळतं.