पश्चिम लंडनचं एक हार्ट युनिट: अँजिओप्लास्टीला पाच तारे, रिहॅबला दोन

हॉस्पिटलचं नाव देत नाही. सासूबाई ७१ वर्षांच्या, मूळच्या मिरजेच्या, जुना डायबेटिस.

आधी कौतुक. छातीत जळजळ, पित्त असेल, असं त्या म्हणत होत्या. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी घरातच ईसीजी काढला आणि जवळचं हॉस्पिटल सोडून थेट अँजिओप्लास्टीच्या सेंटरला नेलं. मनगटातून नळी घालून स्टेंट बसवला. आम्ही पार्किंग शोधून वर पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. डिपॉझिट नाही, 'आधी काउंटरवर जाऊन या' नाही. मिरजेच्या दिरांना हे खरंच वाटेना.

आडनाव, रंग, साडी काही आड आलं नाही. पूर्वी असं सरसकट म्हणता आलं नसतं. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या रुग्णांचा एक अभ्यास आला होता. ज्यांना बायपास किंवा अँजिओप्लास्टी करायला हवी असं तज्ज्ञांचं मत पडलं, त्यांच्यातही दक्षिण आशियाई रुग्णांना ती गोऱ्यांपेक्षा कमी मिळाली होती. आणि डॉक्टरांचा पूर्वग्रह हे त्याचं कारण दिसलं नाही. मग कारण काय? वॉर्डात थोडे दिवस बसल्यावर मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

सासूबाईंचं इंग्रजी 'थँक्यू' आणि 'नो बीफ' एवढंच. हिंदी, गुजराती, पंजाबीचा दुभाषी सहज मिळे. मराठीचा फक्त फोनवर, तोही आधी सांगून ठेवला तर. डॉक्टरांचा राउंड सकाळी, आमची भेटायची वेळ दुपारी. डॉक्टर बोलत, या मान डोलवत, आणि कागदावर 'रुग्णाला समजावून सांगितले' असं पडे. घरी आल्यावर विचारलं, ही टिकाग्रेलॉरची गोळी दोन वेळा कशासाठी? म्हणाल्या, "ॲसिडिटीची असेल. बरं वाटलं की बंद करू." ती बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

रिहॅबचं, म्हणजे स्टेंटनंतरच्या व्यायाम-आहाराच्या वर्गांचं, तर विचारूच नका. हॉल छान, सायकली नव्या, फिजिओ हसतमुख. आहाराच्या पत्रकात मात्र सामन मासा, ब्राऊन पास्ता आणि शेवटी एक ओळ: तूप टाळा. अहो, आमच्या घरी तूप चमचाभर! खरा घोळ लोणच्या-पापडातल्या मिठाचा, दुसऱ्यांदा वाढलेल्या भाताचा आणि एकादशीच्या साबुदाण्याचा. उपवासाच्या दिवशी डायबेटिसच्या गोळ्यांचं काय करायचं, हे आहारतज्ज्ञांनी विचारलंच नाही. विचारलं ते वॉर्डातल्या केरळच्या एका नर्सने. ड्यूटी संपल्यावर मोडक्या हिंदीत सासूबाईंशेजारी बसून तिने औषधांच्या वेळांचा तक्ता करून दिला. दोनातला एक तारा तिचाच, खरं तर.

चीड याची येते की आपला धोका जास्त आहे हे इथल्या यंत्रणेला नीट ठाऊक आहे. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, ज्यावर हृदयाचा धोका मोजतात त्या क्यूरिस्कमध्ये भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगळे रकाने आहेत. आपल्यासाठी वजन जास्त धरायची बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) रेषाही २५ नाही, २३ आहे. कॉम्प्युटरला सगळं माहीत, पत्रकाला काहीच नाही.

कुणावर वेळ आलीच, तर मराठी दुभाषी हवा हे ॲडमिशनच्या वेळीच फाइलवर लिहून घ्या, आणि राउंडला घरच्या कुणाला थांबू देतील का ते सिस्टरला विचारा. आमच्याकडे नाही म्हणाले नाहीत. आम्हीच उशिरा विचारलं.

सासूबाईंनी रिहॅब मध्येच सोडलं. सायकलच्या पॅडलमध्ये साडी अडकते आणि अनोळखी पुरुषांसमोर ट्रॅकपँट घालणार नाही, असं म्हणाल्या. आता रोज सकाळी शेजारच्या गुजराती बायकांबरोबर पार्कात तासभर चालतात. हॉस्पिटलच्या पत्रात कारण छापून आलंय: रुग्णाला रस नाही.