एअर प्युरिफायर: सहा महिने वापरून झाल्यावर

आम्ही चेंबूरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वेकडची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि घरात रोज सिमेंटची धूळ यायला लागली. सासूबाईंना दमा आहे. रात्री दोन-दोनदा पंप घ्यायची वेळ आली, तेव्हा ऑक्टोबरात मशीन घेतलं.

घेताना खोक्यावरचे चौरस फूट बघू नका, सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. आमची खोली १० बाय १२, उंची ९ फूट, म्हणजे साधारण ३० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायची तर सीएडीआर १५० लागतो. मी २५० चं घेतलं, कारण तो आकडा फुल स्पीडचा असतो आणि त्या आवाजात झोप लागत नाही.

पहिले दहा दिवस काडीचा फरक नाही. मागचं झाकण उघडलं तर फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत तसाच! बसवायला आलेला माणूस प्लग लावून निघून गेला होता. तुम्ही आधी हे तपासा.

नंतर हवा मोजणारा वेगळा मीटर आणला आणि खरं काय ते कळलं. जानेवारीत सकाळी वारा पडलेला असतो, धूळ खालीच साचून राहते. तेव्हा हॉलमध्ये पीएम २.५, म्हणजे श्वासातून आत जाणारे अगदी बारीक कण, घनमीटरला ११०-१२० मायक्रोग्रॅम दिसायचे. बेडरूम बंद करून मशीन लावलं की अर्ध्या तासात २५ च्या आत. आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

पण सगळ्यात मोठा आकडा बाहेरच्या धुळीचा नव्हताच. मिरचीची फोडणी पडली की स्वयंपाकघरात ३००! एक्झॉस्ट फॅन तेलाने चिकटला होता. तो घासून काढला. आता गॅस पेटवण्याआधी लावते आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवते. आकडा ८० च्या वर क्वचित जातो. डासांची कॉइल बंद केली, जाळी बसवली. उदबत्ती आई (सासूबाई) आता बाल्कनीत तुळशीपाशी लावतात. त्यांना ते सांगणं मला जड गेलं, पण मीटर पाहून त्यांनीच जागा बदलली.

मशीन धूळ गाळतं, कार्बन डायऑक्साइड नाही. दार लावून तिघी झोपलो तर पहाटे तो १८०० पीपीएम (दहा लाख भागांत १८०० भाग) व्हायचा, डोकं जड. आता दार फटीएवढं उघडं ठेवतो आणि दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की पश्चिमेची खिडकी उघडतो. बोंबील तळल्याचा वासही हे मशीन घालवत नाही, त्यातला वास शोषणारा कार्बनचा थर अगदी पातळ आहे.

मशीनची बाहेरची जाळी दर पंधरवड्याला व्हॅक्यूमने साफ करते. आतला हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारा) धुवायचा नसतो. बदलायची आठवण देणारा दिवा नुसते तास मोजतो, धूळ नाही. एप्रिलमध्ये दिवा लागायच्या आधीच फिल्टर काळपट झाला होता, म्हणून बदलला.

आईंचं औषध तेच चालू आहे, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देणार नाही. पण फेब्रुवारीपासून रात्री पंप लागलेला नाही. हॉलसाठी दुसरं मशीन घ्यायचा विचार सोडला आहे. त्या पैशांत स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट बसवतोय.