पटकथा लिहायचीय: खोली टिळकवाडीत की अंधेरीत?

बेळगावहून मुंबई साधारण ५०० किलोमीटर, बेंगळुरूही तेवढंच. दोन्हीकडे रात्री बसलं की सकाळी उतरायचं. त्यामुळे सिनेमासाठी लिहू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींचं बोलणं ‘कुठे जाऊ?’ इथूनच सुरू होतं. मला वाटतं, आधी ठरवायचं ते कामाचं. घरी राहून सिनेमाची एक पटकथा स्वतःच्या जोरावर पुरी करायची, की मुंबईत जाऊन चालू मालिकेत लिहायला लागायचं? दोन्ही वाटांनी लोक पोचलेत. खर्च मात्र वेगवेगळा होतो, आणि तो फक्त पैशांचा नसतो.

मुंबईची वाट आधी घेतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त. मराठी मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही कामं बऱ्याचदा वेगवेगळी माणसं करतात. नवखा सहसा संवादांच्या दारातून शिरतो, नाहीतर एखाद्या पटकथाकाराच्या हाताखाली. अर्ध्या तासाच्या भागाला जाहिराती वगळून २२ मिनिटांच्या आसपासचा मजकूर लागतो, आणि तो आठवड्याचे पाच-सहा दिवस लागतो. सकाळी चॅनेलकडून सीन परत येतो. दुपारी कळतं की नटीच्या तारखा नाहीत, म्हणून साखरपुडा हॉस्पिटलात हलवायचा. संध्याकाळपर्यंत पानं सेटवर गेलीच पाहिजेत. या रेट्यात हात जितका लवकर बसतो, तितका कुठल्याही वर्गात बसत नाही. प्रसंगात उशिरा शिरणं, लवकर बाहेर पडणं, न बोलता काय सांगता येईल ते पाहणं, हे सगळं तिथं पोटासाठी शिकावं लागतं.

पैसे एपिसोडमागे मिळतात, पण लगेच नाही. टीव्हीच्या धंद्यात तीन-तीन महिन्यांनी पैसे देण्याची रीत रुळलेली आहे. म्हणजे काम मिळालं त्या दिवसापासून निदान चार महिने स्वतःच्या खिशातून काढायची तयारी हवी, भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट वेगळं. आणि टीआरपी घसरला की मालिका गुंडाळली जाते, तेव्हा लेखकाला कोणी नोटीस पीरियड देत नाही. दुसरा धोका नावाचा. हाताखालच्या माणसाकडून लिहून घ्यायचं आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव टाकायचं नाही, हे सर्रास चालतं. एक-दोन महिने शिकण्यासाठी ठीक. वर्षभर कोणी तसं राबवत असेल तर तिथून उठलेलं बरं.

आता घर. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठलंही असो. आईच्या हातचं जेवण आहे, भाडं नाही, जमलं तर एखादी नोकरी आहे. सिनेमाच्या पटकथेला एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे शंभर-सव्वाशे पानं. नोकरी सांभाळून हे वर्षभरात होतं. अडचण अशी की तुमच्या पानांची वाट कोणीच पाहत नसतं. मालिकेत पानं उशिरा गेली तर फोन खणखणतो. घरात पटकथा तीन वर्षं चाळीसाव्या पानावर पडून राहिली तरी कोणी विचारणार नाही. नाटकवाल्या गावात राहतो आपण. प्रयोगाची तारीख ठरली की दुसरा अंक आपोआप लिहून होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

लिहून झाल्यावर ती विकायची कशी, हा घरच्या वाटेचा कमकुवत भाग. मराठी निर्माते अजूनही वाचण्यापेक्षा ऐकणं पसंत करतात. समोर बसून तासाभरात गोष्ट सांगावी लागते, त्याला नॅरेशन म्हणतात. व्हिडिओ कॉलवरही ते होतं, पण समोरचा कुठे जांभई देतो ते नीट दिसत नाही. होकार आला तरी मानधन टप्प्याटप्प्यानं: सही करताना थोडं, पहिल्या ड्राफ्टला थोडं, बाकीचं पुढे. शेवटचा टप्पा ‘शूटिंग सुरू झाल्यावर’ असा असेल तर तो मिळणारच नाही असं धरून आकडा बोला.

एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडते. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सोबतीनं एनएफडीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार (आता वेव्हज फिल्म बाजार) भरतो. देशभरातले निर्माते एका छताखाली येतात. मुंबईकराला तिथं जायला विमान नाहीतर अख्खी रात्र लागते, आपण सकाळी गोव्याच्या कदंबा बसमध्ये बसून चोर्ला घाट उतरलो की दुपारी पणजीत. आत जायचं शुल्क खिशाला जड आहे. एनएफडीसीच्या पटकथा लॅबसाठी घरून अर्ज करता येतो. निवड झाली तर जाणकारांसोबत बसून ड्राफ्ट घासता येतो.

कोल्हापूरचं काय, असं हटकून विचारलं जातं. सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, चित्रनगरी आहे, चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय आहे, चित्रीकरणं होतात. सेट कसा चालतो हे पाहायला, दिग्दर्शकाचा सहायक म्हणून राबायला उत्तम. पण प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुणं गाठलं, आणि पुढे पैशांचं गणित मुंबईकडे सरकलं; लेखकाचे व्यवहार बहुतेक तिथेच ठरतात. तसा हा प्रवास आणखी जुना. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावात शिक्षक होते, नाटकाचा नाद इथलाच, पण खरं नाव झालं ते १८८० मध्ये पुण्यात. पुण्यातच एफटीआयआय ही सिनेमा-टीव्ही शिकवणारी संस्था आहे. ती केंद्र सरकारच्या अखत्यारीतली, त्यामुळे कर्नाटकचा रहिवासी दाखला आड येत नाही. जागा मात्र मोजक्या.

बेंगळुरू? कन्नड नुसती बोलता येत असेल तर तिथं संवाद लिहायच्या भानगडीत पडू नका. कथा-पटकथा देऊन संवाद दुसऱ्याकडे सोपवता येतात. बाजारातली कन्नड आणि पानावरची कन्नड यांत बरंच अंतर आहे.

आपल्या बोलीबद्दलही बोललं पाहिजे. मालिकेत ती ‘ग्रामीण’ नावाच्या एका साच्यात घासून सपाट केली जाते. कोल्हापुरी, बेळगावी, सगळं एकच. सिनेमात ती जशीच्या तशी राहू शकते. मराठीत घर आणि कन्नडात कचेरी अशी माणसं ज्यांना आतून माहीत आहेत, त्यांनी हे भांडवल मालिकेच्या पहिल्याच महिन्यात उधळू नये.

म्हणून माझा कौल असा. पंचविशीच्या आत असाल आणि घरी चाळीसाव्या पानापुढे कधीच गेला नसाल, तर मुंबईच. तुम्हाला तगादा लावणारा हवा आहे. बाकीच्यांनी एक पटकथा इथंच पुरी करावी आणि ती हातात घेऊन, चार महिन्यांचे पैसे बाजूला ठेवून जावं. नुसती ‘कल्पना’ घेऊन मीटिंगला जाऊ नये. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच स्पष्ट केलंय. लिहिलेल्या मांडणीवर असतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. ही नोंद म्हणजे त्या तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा. करारात ‘रॉयल्टीचे सर्व हक्क सोडत आहे’ असं कलम दिसलं, तर कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाला रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला असा सोडून देता येत नाही, हे तिथल्या तिथं सांगा. आणि कोणालाही ड्राफ्ट पाठवाल तो ईमेलनं पाठवा, व्हॉट्सअॅपवर नको. पुढे वाद झालाच तर कधी, कोणाला आणि कुठला ड्राफ्ट गेला ते शोधायला सोपं जातं.